आधी मेहनत, मग कार्बनचे बूट

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विषय : लांब पल्ल्याच्या शर्यतींची तयारी आणि किरकोळ सुधारणांचे वाढते वेड

महोदय,

पावसाचा जोर ओसरला की कोल्हापुरात धावण्याचा आणि सायकलचा हंगाम सुरू होतो. रंकाळ्याच्या काठाने, शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात, पन्हाळा आणि राधानगरीच्या रस्त्यांवर पहाटे दिसणारी वर्दळ गेल्या काही वर्षांत डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. चाळिशी-पन्नाशीतली माणसे, गृहिणी, डॉक्टर, व्यापारी, शेतकरी अर्धमॅरेथॉन, मॅरेथॉन आणि त्याहून लांबच्या शर्यतींची भाषा बोलू लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे आणि वृत्तपत्रांनी या शर्यतींना दिलेल्या जागेचाही तिच्यात वाटा आहे. मात्र या वर्दळीत कानावर पडणारी चर्चा ऐकली की एक गोष्ट खटकते. कोणाचे बूट कोणत्या फोमचे, धावताना ऊर्जेसाठी खायचे कोणते जेल किती किलोमीटरला घ्यायचे, बिटाचा रस शर्यतीआधी किती वेळ प्यायचा, कोणते घड्याळ झोपेचे गुण देते, यावर माणसे तासभर बोलतात. गेल्या तीन महिन्यांत आपण आठवड्याला किती दिवस, किती वेळ आणि किती सावकाश धावलो, याचा विषय मात्र निघत नाही. मी अनेक वर्षे शाळेत क्रीडाशिक्षक होतो, मुलांना लांब पल्ल्यासाठी तयार करणे हे माझे काम होते आणि निवृत्तीनंतरही मैदानाशी संबंध सुटलेला नाही. त्या आधारावर मला असे ठामपणे वाटते की दमसासाच्या खेळात या किरकोळ सुधारणांचा क्रम अगदी शेवटचा आहे आणि आपण तो पहिला करून बसलो आहोत.

उदाहरण बुटांचेच घेऊ, कारण सध्या सर्वांत जास्त पैसा आणि सर्वांत जास्त वाद तिथेच आहेत. जाड, हलका, उसळी देणारा फोम आणि त्यात कार्बनची पट्टी असलेले हे बूट म्हणजे निव्वळ जाहिरातबाजी नव्हे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या जातीच्या पहिल्या बुटांमुळे धावायला लागणारी ऊर्जा सरासरी चार टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. पुढे त्यांचा प्रभाव इतका वाढला की जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेला २०२० साली रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत आणि पट्टी एकापुरती मर्यादित करावी लागली. परंतु त्या प्रयोगात धावलेले अठराजण कोण होते, हे दुकानात कोणी सांगत नाही. ते सगळे दहा किलोमीटरचे अंतर ३१ मिनिटांच्या आत कापू शकणारे धावपटू होते आणि त्यांची चाचणी ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटर वेगाने धावताना घेतली होती. आपल्याकडे पाच तासांत मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याचा वेग ताशी साडेआठ किलोमीटरही भरत नाही. पुढे ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वेगावर प्रयोग झाले, तेव्हा हा फायदा बराच कमी निघाला आणि तोही माणसागणिक वेगळा. ज्याचे पाय तीस किलोमीटरनंतर उचलत नाहीत आणि जो शेवटचे दहा-बारा किलोमीटर चालत येतो, त्याच्या पायांत पंधरा-वीस हजारांचे बूट असले काय आणि दोन हजारांचे असले काय, चालण्याचा वेग तोच राहतो.

आता याच चार टक्क्यांशेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहावा. ब्रिटनच्या मॅरेथॉन धावपटू पॉला रॅडक्लिफ यांची तपासणी अँड्र्यू जोन्स या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९९२ पासून २००३ पर्यंत, म्हणजे त्या कुमार गटात होत्या तेव्हापासून त्यांनी लंडनला २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांचा विश्वविक्रम केला तोपर्यंत केली. या सगळ्या काळात त्यांची जास्तीत जास्त प्राणवायू वापरण्याची क्षमता, जिचा आकडा हल्ली प्रत्येकाच्या मनगटावर झळकतो, जवळजवळ आहे तिथेच राहिली. बदलले ते हे की त्याच वेगाने धावायला त्यांना पूर्वीपेक्षा सुमारे पंधरा टक्के कमी प्राणवायू लागू लागला. बुटांमुळे जी बचत चार टक्के होते, तीच बचत इथे पंधरा टक्के झाली होती आणि ती वर्षानुवर्षे, शेवटी शेवटी आठवड्याला दोनशे किलोमीटरच्या घरात गेलेल्या धावण्यातून आली होती. तेव्हा कार्बनच्या पट्टीचे आजच्यासारखे बूट बाजारात नव्हते. त्यांचा विक्रम सोळा वर्षे अबाधित राहिला.

आपल्या मातीतले उदाहरण हवे असेल तर अविनाश साबळे यांचे आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा सैन्यात गेला आणि तिथे धावपटू झाला. २०१८ साली भुवनेश्वरला त्यांनी तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीत, गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, तेव्हा त्यांची वेळ ८ मिनिटे २९.८० सेकंद होती. २०२४ च्या जुलैमध्ये पॅरिसला ती ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आली. हा फरक वीस सेकंदांचा, म्हणजे साधारण चार टक्क्यांचाच आहे. तेवढा मिळवायला पूर्णवेळ सराव करणाऱ्या, देशातल्या सर्वोत्तम खेळाडूला सहा वर्षे लागली आणि मध्ये तो राष्ट्रीय विक्रम पुन्हा पुन्हा, कधी एका सेकंदाने, कधी दोन सेकंदांनी मोडत गेला. (या काळात शर्यतीचे स्पाइक, म्हणजे खिळ्यांचे बूटही सुधारले, हे मान्य; पण ते सगळ्या स्पर्धकांच्या पायांत होते.) जवळच्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या ललिता बाबर मॅरेथॉनमधून स्टीपलचेसकडे वळल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून दहाव्या आल्या. अडथळे कसे ओलांडायचे हे त्या नंतर शिकल्या. लांब धावण्याचा पाया आधीचा होता.

हा पाया म्हणजे शरीरात नेमके काय घडते, हे थोडे सांगणे भाग आहे, कारण ते न कळल्यामुळेच सावकाश धावणे अनेकांना वेळेचा अपव्यय वाटतो. स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, असतो आणि त्यातून दोन हजारांच्या आसपास कॅलरी मिळतात. धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे अंदाजे एक कॅलरी खर्च होते. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरसाठी जवळपास तीन हजार कॅलरी लागतात. हा हिशेब साठ्यातून भागत नाही. उरलेली ऊर्जा चरबीतून यावी लागते आणि थोडी वाटेत खाऊन मिळवावी लागते. चरबी जाळायला प्राणवायू भरपूर लागतो, म्हणून स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढाव्या लागतात, रक्ताचे प्रमाण वाढावे लागते आणि पेशींमधली ऊर्जाकेंद्रे, ज्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात, ती वाढावी लागतात. जॉन होलॉझी या संशोधकाने १९६७ साली उंदरांना काही आठवडे नियमित पळवून दाखवून दिले की अशा सरावाने मायटोकाँड्रियांमधील एन्झाइमांची क्षमता जवळपास दुप्पट होते. रक्तातला बदल पंधरवड्यात दिसू लागतो, स्नायूंतल्या बदलाला काही आठवडे लागतात आणि कंडरा व हाडे मात्र महिन्यांच्या हिशेबानेच बळकट होतात. या क्रमामुळेच एक घोटाळा होतो. दीड-दोन महिन्यांत दम वाढतो, माणसाला हुरूप येतो, तो अंतर आणि वेग दोन्ही एकदम वाढवतो आणि नडगी किंवा गुडघा धरून बसतो. मग तो पायांना दोष न देता बुटांना देतो आणि नवे बूट घेतो.

हे सगळे बदल घडवून आणायला दमछाक होण्याची गरज नसते, ही गोष्ट पचनी पडणे फार अवघड जाते. मूळचे अमेरिकन असलेले आणि नॉर्वेत काम करणारे क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी रोइंग, स्कीइंग, सायकलिंग, धावणे अशा खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांना असे दिसले की त्यांच्या सरावातील सुमारे ऐंशी टक्के सत्रे अगदी हलक्या तीव्रतेची असतात आणि उरलेल्या वीस टक्क्यांत ते मनापासून जोर लावतात. आपल्याकडचा हौशी धावपटू नेमका याच्या उलट असतो. तो रोज मध्यम जोराने धावतो, म्हणजे धड सावकाशही नाही आणि धड जोरातही नाही, कारण अ‍ॅपवर सगळ्यांना दिसणारा आकडा लाजिरवाणा असू नये, अशी त्याची इच्छा असते. सावकाश म्हणजे किती सावकाश, हे ओळखायला घड्याळही लागत नाही. सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आले पाहिजे. दर दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग जास्त आहे. सुरुवातीच्या महिन्यांत काहींना या कसोटीवर उतरण्यासाठी मधूनमधून चालावेही लागते आणि त्यात कमीपणा काही नाही.

या विचाराचा प्रणेता म्हणून न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांचे नाव घेतले जाते. ऑकलंडमध्ये आपल्याच परिसरातल्या मुलांना ते आठवड्याला शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर पळवत. दर रविवारी डोंगराळ रस्त्यावरची बावीस मैलांची फेरी ठरलेली असे आणि ती पीटर स्नेल यांनाही चुकलेली नव्हती, जे आठशे मीटरचे, म्हणजे दोन मिनिटांहून कमी वेळात संपणाऱ्या शर्यतीचे धावपटू होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी स्नेल यांनी आठशे मीटरचे आणि मरे हॅलबर्ग यांनी पाच हजार मीटरचे सुवर्णपदक जिंकले. चार वर्षांनी टोकियोत स्नेल यांनी आठशे आणि पंधराशे मीटरची दोन्ही सुवर्णपदके मिळवली. गंमत अशी की लिडियार्ड पोटापाण्यासाठी बुटांच्या कारखान्यात काम करणारे होते आणि आपल्या धावपटूंचे बूट ते स्वतः शिवून देत. बुटांचे महत्त्व त्यांना आपल्यापेक्षा कमी कळत होते, असे कोणी म्हणू नये.

कोल्हापूरकरांना तर हे समजावून सांगण्याची गरजच पडू नये. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने वाढलेल्या इथल्या तालमींत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला पहिल्या आठवड्यात धोबीपछाड शिकवत नाही. आखाडा खणणे, जोर, बैठका, धावणे, खुराक आणि झोप यात त्याचे महिनेच्या महिने जातात. डावांची बारकाई अंगात ताकद आल्यावर येते. हा क्रम ज्या शहराच्या अंगवळणी पडला आहे, त्याच शहरात धावण्याच्या बाबतीत मात्र डाव आधी आणि मेहनत नंतर, असे का व्हावे, याचे मला नवल वाटते.

या प्रश्नाची झळ हौशी धावपटूंपेक्षा एका दुसऱ्याच वर्गाला जास्त बसते, त्याचा विचार सहसा होत नाही. जिल्ह्यातल्या गावागावांतून पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे रस्त्याच्या कडेने धावताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर धावावे लागते आणि त्या गुणांवर पुढचे आयुष्य ठरते. जाहिरात निघाली की ही मुले रोज सकाळी घड्याळ लावून सोळाशे मीटर जीव तोडून धावतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच आणि तिसऱ्या दिवशीही तेच. वास्तविक पाच-सहा मिनिटांच्या या शर्यतीतसुद्धा लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे चार-पंचमांश ऊर्जा प्राणवायूच्या वापरातूनच येते. म्हणजे हीदेखील मुख्यतः दमसासाचीच परीक्षा आहे. आठवड्यातून चार-पाच दिवस अर्धा ते पाऊण तास सावकाश धावणे, एक दिवस चारशे मीटरच्या वेगवान फेऱ्या आणि मधल्या दिवशी विश्रांती, एवढे चार-सहा महिने पाळले तर वेळ हमखास उतरते. त्याऐवजी घरची दुभती म्हैस असताना दूध डेअरीला घालून त्या पैशांत प्रोटीनचा डबा विकत आणला जातो, ऐपत नसताना महागडे स्पाइक घेतले जातात आणि नडगीच्या हाडाला चीर गेल्यामुळे ऐन भरतीच्या वेळी मुलगा घरी बसतो. कोणी भेटलेल्या माणसाने सुचवलेली गोळी किंवा इंजेक्शन घेण्याचा मोह तर याहून वाईट. त्यात नेमके काय आहे हे घेणाऱ्याला माहीत नसते आणि त्याचा परिणाम हृदयापासून मूत्रपिंडापर्यंत कुठेही होऊ शकतो.

किरकोळ सुधारणांची बाजू घेणारे लोक ब्रिटिश सायकलिंगचा दाखला हमखास देतात. त्या संघाचे प्रमुख डेव्ह ब्रेल्सफर्ड यांनी प्रत्येक गोष्टीत एक-एक टक्का सुधारणा करण्याचे तत्त्व मांडले, खेळाडूंच्या उशा-गाद्यासुद्धा बरोबर नेल्या आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्यांच्या संघाने सायकलिंगची आठ सुवर्णपदके जिंकली, ही कथा व्यवस्थापनाच्या व्याख्यानांतही फिरते. त्या कथेचा पूर्वार्ध मात्र गाळला जातो. मँचेस्टरचे बंदिस्त वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचे मैदान, १९९४ मध्ये उभे राहिले, १९९७ पासून राष्ट्रीय लॉटरीचा पैसा खेळाडूंना मिळू लागला आणि त्यामुळे ते नोकरी न करता वर्षानुवर्षे पूर्णवेळ सराव करू शकले. ज्याच्या बाकीच्या गोष्टी करून झालेल्या असतात, त्याच्यासाठी एक टक्का हाच पुढचा उपाय उरतो. पन्हाळ्याचा घाट चढणाऱ्या आपल्या सायकलस्वाराचे तसे नसते. सायकल आणि स्वार मिळून पंच्याऐंशी किलो वजन असेल, तर सायकलचे एक किलो कमी केल्याने अर्ध्या तासाच्या चढावर जेमतेम वीस सेकंद वाचतात आणि त्या एका किलोसाठी काही जण लाखाच्या वर खर्च करतात. रविवारच्या फेरीनंतर मिसळीची दुसरी प्लेट आणि वर जादा पाव मागवताना मात्र या वीस सेकंदांची आठवण कोणालाच होत नाही. मिसळीवर माझा राग नाही, हिशेबावर आहे.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात. ऑलिंपिक समितीने २०१८ साली जाहीर केलेल्या तज्ज्ञांच्या निवेदनात ज्यांचा कामगिरीवर थेट परिणाम होतो असा पुरेसा पुरावा आहे, अशी जेमतेम पाच पूरके सांगितली आहेत : कॅफीन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अ‍ॅलानिन आणि सोडियम बायकार्बोनेट. बिटाचा रस त्यातल्या नायट्रेटसाठी घेतला जातो. या सर्वांचा परिणाम लहान आणि व्यक्तीप्रमाणे बदलणारा आहे, हेही त्याच निवेदनात आहे. जेलचे म्हणाल तर एका पाकिटात साधारण वीस-पंचवीस ग्रॅम कर्बोदके असतात. मध्यम आकाराच्या एका केळ्यात जवळपास तेवढीच असतात आणि तीस ग्रॅम गुळाच्या खड्यात त्याहून थोडी जास्तच. दोन-अडीच तासांपेक्षा लांबच्या शर्यतीत तासाला साठ ग्रॅमपर्यंत कर्बोदके पोटाला झेपली तर उपयोग होतो, पण त्यासाठी पोटालाही सराव द्यावा लागतो आणि तो लांब पल्ल्याच्या रविवारीच देता येतो. जो लांब धावतच नाही, त्याने शर्यतीच्या दिवशी प्रथमच जेल घेतले तर त्याची वेळ शौचालयाच्या रांगेत जाते. झोपेचे तर काय सांगावे? रात्री बारापर्यंत जागून पहाटे साडेचारला उठणारा माणूस मनगटावरच्या घड्याळाला विचारतो की आपली विश्रांती पुरेशी झाली का.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. सायलर यांचे ऐंशी-वीसचे प्रमाण आठवड्याला पंधरा-वीस तास सराव करणाऱ्यांच्या नोंदींतून आले आहे. नोकरी, दुकान, संसार सांभाळून ज्याला आठवड्याला चार तास मिळतात, त्याला ते जसेच्या तसे कसे लागू पडेल? ते तंतोतंत लागू पडत नाही, हे मला मान्य आहे. चार तासांतल्या एखाद्या तासात जोर लावला तर बिघडत नाही. पण त्या चार तासांचे चार दिवस व्हावेत, एका रविवारी तीन तास धावून उरलेला आठवडा सुट्टी असे होऊ नये आणि हे चक्र वर्षभर तुटू नये, एवढे तरी पाळता येते. वेळ कमी असलेल्या माणसाने तर किरकोळ गोष्टींच्या शोधात घालवलेली संध्याकाळ वाचवून लवकर झोपावे, म्हणजे दुसऱ्या दिवशीची पहाट हाती लागते.

मूलभूत सरावासाठी एक मूलभूत सोय लागते, ती म्हणजे जागा. खिशात पैसे असले तर बूट कोणालाही घेता येतात, पण पहाटे पाच वाजता निर्धास्त धावता येईल असा उजेडाचा, मोकाट कुत्र्यांचा आणि भरधाव वाहनांचा त्रास नसलेला रस्ता कोणालाही विकत घेता येत नाही. स्त्रियांच्या बाबतीत हा मुद्दा अधिक गंभीर आहे. अंधारामुळे अनेक जणी फटफटेपर्यंत घराबाहेर पडत नाहीत आणि तोवर डबे, शाळा, नोकरी यांची वेळ होते. शहरातील मैदाने पहाटे साडेचारपासून दिव्यांसह खुली ठेवणे आणि रविवारी सकाळी एखादा रस्ता काही तास वाहनांसाठी बंद ठेवणे, याला फार मोठा खर्च येणार नाही. ग्रामीण भागात भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी प्रत्येक मोठ्या गावात मोजून आखलेला चारशे मीटरचा साधा मातीचा ट्रॅक झाला, तर त्याचा उपयोग कोणत्याही शिष्यवृत्तीपेक्षा जास्त होईल. शाळांबद्दलही हेच. खेळाचा तास गणिताला देण्याची प्रथा थांबली, तर दमसासाचा पाया ज्या वयात सहज घातला जातो, ते वय तरी वाया जाणार नाही.

शर्यतींच्या आयोजकांना माझी विनंती आहे की त्यांनी तारीख किमान पाच-सहा महिने आधी जाहीर करावी आणि नोंदणीबरोबर टी-शर्टाचे माप विचारतात तसे गेल्या तीन महिन्यांच्या सरावाबद्दलही विचारावे. पूर्ण मॅरेथॉनची नोंदणी करणाऱ्याने आधी एखादी अर्धमॅरेथॉन ठरलेल्या वेळेत पूर्ण केलेली असावी, अशी अट घातली तर पहिल्या वर्षी प्रवेश थोडे घटतील, पण शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये रुग्णवाहिकेची धावपळही घटेल. हौस म्हणून शाळकरी मुलांना एकवीस किलोमीटरमध्ये उतरवणाऱ्या पालकांना आयोजकांनीच नकार द्यावा. त्या वयाला दोन-तीन किलोमीटर पुष्कळ झाले.

आपल्या वृत्तपत्राकडूनही एक अपेक्षा आहे. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात निघणाऱ्या पुरवणीत बूट, जेल आणि घड्याळे यांविषयीचा मजकूर असतो, तेव्हा वाचकाच्या हातात करण्यासारखे काही उरलेले नसते. त्याऐवजी हंगामाच्या सुरुवातीपासून, म्हणजे गणपती झाल्यावर लगेच, दर आठवड्याला चार ओळींचे एक सदर द्यावे : या आठवड्यात नवशिक्याने किती मिनिटे धावावे, किती चालावे, अनुभवी माणसाने लांबचे धावणे किती वाढवावे आणि कोणत्या आठवड्यात ते मुद्दाम कमी करावे. सोळाशे मीटरची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी त्याशेजारीच वेगळी चौकट असावी. जिल्ह्यात जाणते प्रशिक्षक आहेत, निवृत्त लष्करी प्रशिक्षक गावोगावी आहेत आणि त्यांच्यापैकी अनेक जण हे काम मानधनाशिवाय करतील. हे कात्रण गावातल्या वाचनालयाच्या आणि तालमीच्या फलकावर लागावे म्हणून ते ठळक अक्षरांत आणि एकाच स्तंभात छापावे, इतकेच सुचवतो.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, कोल्हापूर